सामानासकट दिलेलं घर

प्रिय नम्रता,

पाकिटामागे माझं नाव बघून घाबरली असशील, तर आधी ती भीती मनातून काढ. घर रिकामं करा असं सांगणारं हे पत्र नाही. भाडंही वाढवायचं नाही. डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलंय, तेव्हा हे पडूनच वाच आणि साईनाथ ऑफिसातून आला की त्यालाही दे. फोनवर बोलता आलं असतं की, असं तो म्हणेल. मी फोन लावला होता गं. तू "काकू, कशा आहात?" म्हणालीस, मी "मजेत" म्हटलं, मग टाकीला पाणी नीट येतं का ते विचारलं आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र. बाणेरला आमच्या सोसायटीच्या बागेत एक बाक आहे, त्यावर बसून नातवाचं परीक्षेचं पॅड मांडीवर घेऊन लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे.

ॲग्रीमेंटचा दिवस तुला आठवतो का? एजंट लॅपटॉप आणि ते अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन आला होता, आणि माझा अंगठा काही केल्या उमटेना. तुझा उमटला, साईनाथचा उमटला, साक्षीदारांचेही उमटले. जिचं घर तिलाच यंत्र ओळखेना. "काकू, धुणीभांडी करून रेषाच गेल्या तुमच्या," एजंट म्हणाला. तू उठलीस, स्वयंपाकघरात जाऊन वाटीत कोमट पाणी आणलंस, माझी बोटं त्यात धरलीस आणि स्वतःच्या ओढणीनं पुसलीस. तेव्हा तू अजून भाडेकरूही झाली नव्हतीस, पण वाट्या कुठल्या खणात असतात ते तुला न विचारता सापडलं. मी मनात म्हटलं, हिला घर द्यायला हरकत नाही.

घर सामानासकट द्यायचं ही कल्पना माझ्या मुलाची, विश्वजीतची. आमचे हे गेल्यावर मी वर्षभर तिथं एकटीनं काढलं. विश्वजीत म्हणायचा, "आई, अवेळी फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. तू आमच्याकडे ये. घर आहे तसं देऊन टाकू. कोथरूडात बाहेरगावहून आलेल्या पोरांना तसंच लागतं." त्याचं खोटं नव्हतं, आणि भाड्यानं त्याच्या घराच्या हप्त्याला हातभार लागणार होता. एजंटानं खोल्याखोल्यांतून फिरत यादी केली. सोफा एक, सुस्थितीत. जेवणाचं टेबल एक, खुर्च्या चार, सुस्थितीत. मी म्हटलं, अहो, त्यातली एक खुर्ची डुगडुगते. तो म्हणाला, "सुस्थितीतच लिहू काकू, नाहीतर उगाच वाद." आम्ही दोघांनी लग्नापासून एकेक करून जमवलेला संसार त्यानं चहा निवायच्या आत लिहून काढला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण कपाटं बंद करून, कुलूप लावून वस्तू सडवण्यापेक्षा कुणाच्या तरी हाताखाली राहिलेल्या बऱ्या, असं मी स्वतःला सांगितलं.

मग तुम्ही दोघांनी ती विनंती केलीत. आधीच्या दोन्ही घरमालकांनी तुम्हाला मुदतीआधी उठवलं होतं. एकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याला घर विकायचं होतं. म्हणून तीन वर्षांचा करार हवा आणि मधेच तो कोणीही मोडायचा नाही असं कलम हवं. एजंटानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, हा लॉक-इन दोन्ही बाजूंना लागू होतो हं. तुम्हालाही मधे घर मागता येणार नाही." मी हसले. म्हटलं, मला कशाला लागतंय आता ते? सही झाल्यावर साईनाथ वाकून माझ्या पाया पडला. घरमालकिणीच्या पाया पडणारा भाडेकरू कोथरूडनं पहिल्यांदाच पाहिला असेल.

बाणेरला मी आले ती खरंच सुखानं आले, हे तुला सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तू माझ्या मुलासुनेबद्दल भलतंच काही मनात धरशील. नातवाच्या, सार्थकच्या खोलीत माझा पलंग टाकला. त्याच्या पुस्तकांच्या फळीवर क्रिकेटच्या कपांशेजारी माझे देव बसले. माझी सून, ऋतिका, ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी विचारायची, "आई, जेवलात का दुपारी?" मी सार्थकचा डबा भरायची, बसपर्यंत सोडायची, संध्याकाळी बागेत चार बायकांबरोबर बसायची. तुमच्याकडून दर महिन्याला भाडं वेळेवर यायचं आणि सोबत तुझा मेसेज, "काकू, कुंड्यांना पाणी घातलं." एवढ्यात मी समाधानी होते.

दिवाळीनंतर ऋतिकाच्या वडिलांना, रंगरावांना, पक्षाघाताचा झटका आला. कऱ्हाडजवळच्या गावात राहायचे ते दोघं नवराबायको. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून सोडलं, पण गावात त्यांना उचलणार कोण? ऋतिका एकुलती एक. तिनं विचारायच्या आत मीच म्हटलं, इकडे आणा. सार्थकच्या खोलीत दवाखान्यासारखा वर-खाली होणारा पलंग आला. सार्थक आईबापाच्या खोलीत गेला आणि मी हॉलमधल्या दिवाणावर आले. रंगरावांना उचलायला, आंघोळ घालायला सुंदराबाई म्हणून एक बाई ठेवली, ती दिवाणाशेजारी जमिनीवर गादी टाकून झोपते. माझे देव आता फ्रीजवर आहेत. विहीणबाई, गोदाबाई, आल्या त्या दिवशीच माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुमच्या जागंवर येऊन पडलो बघा आमी. लई वंगाळ वाटतंय." अशा बाईला मी काय बोलणार?

सकाळ झाली की न्हाणीघरासाठी रांग लागते. व्यायाम करून घेणारा मुलगा दहाच्या सुमाराला येतो, तो रंगरावांना हॉलमध्येच चालवतो, कारण दुसरीकडे तेवढी जागा नाही. माझ्यासमोर त्यांना संकोच होतो. काल-परवापर्यंत गावातल्या चार माणसांत ज्याचा शब्द चालायचा तो माणूस, जावयाच्या घरात विहिणीसमोर लाळ गळते म्हणून तोंड फिरवतो. म्हणून तेवढ्या वेळात मी खाली येऊन या बाकावर बसते. दुपारी ते झोपले की भांड्यांचा आवाज नको म्हणून पुन्हा खाली येते. मी अडचण होते असं मला कोणी म्हटलं नाही. कोणी म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. एका सकाळी ऋतिका गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलात तोंड खुपसून रडत होती. मला बघून म्हणाली, "आई, मी कुणाला कुठं ठेवू, तुम्हीच सांगा ना." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ऐटीत म्हटलं, "माझी काळजी करू नकोस. माझं घर आहे."

त्याच दिवशी एजंटाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "काकू, लॉक-इन आहे. ते राजीखुशीनं निघाले तर गोष्ट वेगळी, नाहीतर मुदत संपेपर्यंत काही करता येत नाही. आणि राग मानू नका, मी तेव्हाच सांगितलं होतं." पुण्यात माणूस मदत करो न करो, सांगितलं होतं हे मात्र न चुकता सांगतो. करारातली अजून निम्मी मुदतही झालेली नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

म्हणून मी त्या रविवारी आले होते, नम्रता. गिझर बघायला नव्हते आले. येण्याआधी एक दिवस कळवायचं असं करारात आहे, म्हणून कळवलं, आणि कारण काहीतरी द्यायला हवं म्हणून गिझर. बसमध्ये सगळा वेळ मी एकच वाक्य घोळवत होते: माझी जरा अडचण झालीय, तुम्ही दुसरं घर बघू शकाल का? राजीखुशीनं, असंही पुढे जोडायचं ठरवलं होतं. माझ्याच दारावरची बेल दाबून उभी राहिले. साईनाथनं दार उघडलं, "या ना काकू, बसा, संकोच करू नका," असं म्हणून मला माझ्या सोफ्यावर बसवलं आणि आत चहा टाकायला गेला. मग तू आतून हाक मारलीस. मी खोलीत आले तर तू उशांना टेकून पडलेली. पाचवा महिना लागल्याचं सांगितलंस. आधीची दोन राहिली नाहीत, तेही सांगितलंस. एक तर घर बदलायच्या धावपळीतच गेलं म्हणालीस. तुझी आई नाही हे मला तेव्हा कळलं. माझा हात तू घट्ट धरून ठेवला होतास आणि म्हणत होतीस, "हे घर लाभलं जी आम्हाले, काकू. आता इथून कुठंच जायचं नाही."

मी उठले, न्हाणीघरात गेले, गिझरचं बटण दाबलं, दिवा लागला. "उत्तम चाललाय," म्हटलं. तो बिघडलाय असं कोणी म्हटलंच नव्हतं. साईनाथ माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत होता. मग त्यानं मला हॉलमध्ये नेऊन छताला बसवलेला पाळण्याचा हूक दाखवला. "इतक्या लवकर करू नये म्हणतात काकू, पण तिले तेवढंच बरं वाटते." त्यानं हुकाला लोंबकळून दाखवलं, पक्का आहे म्हणून. मी हसले, तुला पडून राहा म्हटलं, आणि निघाले. दारात चपला घालताना तूच आतून हाक मारून विचारलंस, "काकू, आणखी काही काम होतं का?" मी म्हटलं, "छे गं."

त्यानंतर मी स्वतःसाठी खोली शोधायला लागले. घरी सांगितलं नाही. कर्वेनगरला एका बंगल्यात वरची खोली होती, दोन जिने चढून गेले. मालक निवृत्त गृहस्थ, झोपाळ्यावर बसलेले. माझं आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं. "पत्ता कोथरूडचा. घर स्वतःचं. मग आमच्याकडे काय संशोधनाला राहणार आपण?" मी सगळं सांगितलं. "मुलगा?" बाणेरला, म्हटलं. "म्हणजे पुण्यात घर, पुण्यात मुलगा, आणि खोली आमची. आपण पडलात-बिडलात तर मुलगा आम्हाला विचारणार, आणि मुलानं नाही विचारलं तर पोलीस विचारणार. नको बाई." मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी कोणीही हेच म्हणालं असतं. मुलींच्या वसतिगृहात वय बघून तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि पंख्याखाली बसवलं, एवढंच. वृद्धाश्रमाचं नाव मी विश्वजीतसमोर एकदाच काढलं. तो ताटावरून उठला.

हुकाचं मी घरी जेवताना सांगितलं होतं. सहज, कौतुकानं. साईनाथ कसा लोंबकळला त्याची नक्कल करून दाखवली, सार्थक खूप हसला. विश्वजीत हसला नव्हता, पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मग गेल्या आठवड्यात तो दुपारीच घरी आला आणि त्यानं मला या बाकावर बघितलं. मांडीवर पर्स, शेजारी पाण्याची बाटली. एसटीची वाट बघत बसावं तशी दिसत असणार मी. तो शेजारी थोडा वेळ बसला आणि वर गेला.

परवा त्यानं माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्याच्या ओळखीच्या वकिलानं केलेली नोटीस, तुम्हा दोघांच्या नावानं. मालकाच्या लेखी परवानगीवाचून छताला छिद्र पाडून आपण कराराचा भंग केला आहे, सबब पंधरा दिवसांत घर रिकामं करावं. "आई, तू फक्त सही कर. बाकीचं मी बघतो." मी म्हटलं, अरे, ती पोर अंथरुणावर आहे, हे वाचून तिचं काय होईल? तो एकदम ओरडला, "मग मला काय हौस आहे का?" आत रंगराव दचकले, त्यांच्या तोंडून तो घरघरता आवाज यायला लागला, गोदाबाई आणि ऋतिका तिकडे धावल्या. मग तो अगदी हळू म्हणाला, "तू राहणार कुठं, आई? मला तू सांग. सांग ना." एवढा मोठा माणूस, दिवाणाच्या कडेवर दोन्ही हात लोंबते सोडून बसला होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर त्यानं तो ढकललाही नाही.

नोटीस माझ्या पर्समध्ये आहे. सही केलेली नाही. पण तो पुन्हा विचारेल, आणि मी किती दिवस नाही म्हणू शकेन ते मला सांगता येत नाही, कारण तो हे माझ्यासाठीच करतोय. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही गं. म्हणून आज माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून ठेवते. हॉलच्या छताला पाळण्यासाठी हूक बसवायला मी, त्या घराची मालकीण, परवानगी देते. वेगळ्या कागदावर हेच लिहून, सही आणि तारीख घालून पाकिटात ठेवलंय. तो कागद ॲग्रीमेंटबरोबर जपून ठेवा. उद्या माझ्याच सहीची नोटीस तुमच्याकडे आली, तर हा दाखवा, आणि घाबरू नका. विश्वजीतवर रागावू मात्र नका. तो वाईट नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागची छोटी खोली, जिथं तुमच्या बॅगा आणि कपडे वाळत घालायचा स्टँड आहे, ती मला द्याल का? करार आहे तसाच राहू दे, घर मुदत संपेपर्यंत तुमचंच. त्यात मालकिणीलाही राहायचा हक्क नाही, म्हणून विचारतेय. माझ्या खोलीपुरतं भाडं तुम्ही सांगाल तेवढं कमी करू. विश्वजीतला माहीत नाही मी हे विचारतेय ते. तो नाही म्हणेल, त्याला लाज वाटेल, पण त्याचं मी बघेन. मला स्वयंपाक जमतो, तुझ्याजवळ दिवसा कोणीतरी असेल, असं मी आधी इथं लिहिलं होतं, मग खोडलं. ते आमिष झालं असतं, आणि माझे गुडघे बघता फार खरंही नाही. खरं एवढंच की मला दुसरी जागा नाही. ती खोली बाळासाठी ठेवली असेल, किंवा नव्या संसारात म्हातारी बाई नको वाटत असेल, तर त्यात गैर काही नाही. साईनाथशी बोल. मला फोन करू नकोस, फोनवर माणसाला "या" म्हणावंच लागतं. जमणार नसेल तर काहीच कळवू नका. मी समजेन, आणि पुन्हा भेटू तेव्हा मी हा विषय काढणार नाही. जमणार असेल तर नुसता दिवस कळवा. एक बॅग आणि देव घेऊन मी येईन. फक्त दार उघडायला तू उठू नकोस, साईनाथ घरी असेल असाच दिवस सांग.

तुझीच,
पूर्णिमाकाकू